गोष्ट तीच, जागा त्याच

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं: माहीत असलेल्या गोष्टीकडे आपण पुन्हा पुन्हा का वळतो, आणि त्यात तुम्हाला कुठं अडतं? आलेल्या पत्रांपैकी काहींना इथं उत्तरं देत आहोत. ती बालवाचन, कीर्तन आणि लोककथांचं संकलन या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत. गाण्याच्या बैठकीत वापरला जाणारा ‘जागा’ हा शब्द त्यांत वारंवार येईल. गायक अमुक ठिकाणी काय करणार हे जाणकार श्रोत्याला ठाऊक असतं आणि तो नेमकी त्याचीच वाट पाहत बसलेला असतो. गोष्टीतही अशा जागा असतात.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. चार महिने झाले, रोज रात्री चिऊ-काऊचीच गोष्ट. एखादा शब्द बदलला तरी रडून गोंधळ घालते. नवी गोष्ट सुरू केली की तोंडावर हात ठेवते. हे बरोबर आहे का? तिचं काही नवीन शिकायचं राहून तर जात नाही ना?
— एक आई, सांगली

राहून जात नाही, उलट शिकणं याच वाटेने होतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. आठवडाभरात काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्ही गटांना सारखेच आणि सारख्याच वेळा ऐकवले होते. तीच गोष्ट ऐकलेल्या मुलांच्या ध्यानात ते शब्द जास्त राहिले. कारण समजायला सोपं आहे. पहिल्या खेपेला मूल कोण, कुठं, काय झालं यातच गुंतलेलं असतं. पुढच्या खेपेला तेवढं डोकं मोकळं होतं, मग ‘मेण’ म्हणजे काय आणि ‘शेण’ पावसात का वाहून गेलं इकडे त्याचं लक्ष जातं.

आता शब्द बदलल्यावर रडण्याचं. चिऊ-काऊची गोष्ट म्हणजे दारावरचा सवाल-जवाब आहे. काऊ म्हणतो, “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” चिऊ म्हणते, “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे.” मग अंग पुसू दे, पावडर-तीट लावू दे, अंगडं-टोपडं घालू दे, दूध पाजू दे, झोपवू दे. घरोघरी क्रम थोडा वेगळा असतो, पण एका घरात तो ठरलेला असतो. मुलीच्या मनात ही यादी चालू असते. तुम्ही टोपडं विसरलात की तिची मोजदाद चुकते. तुम्हाला तो हट्ट वाटतो, पण ती तुमची चूक पकडत असते आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाची चूक पकडण्याची संधी दुसरीकडे कुठं मिळते? रडू आलं तर “अगं हो, टोपडं राहिलंच की,” एवढं म्हणून मागं जा आणि तिथून पुढं चला.

रोज सांगताना तीन गोष्टी सांभाळा. दारावरचं वाक्य दर वेळी त्याच चालीत, त्याच वेगाने म्हणा. ते गोष्टीचं ध्रुवपद आहे. मधल्या वर्णनात मात्र मोकळीक घ्या. पाऊस आज कमी, उद्या गारांसह पडू द्या. तिसरी गोष्ट थांबण्याची. “चिऊताई, चिऊताई...” इथं थांबा, मनात तीनपर्यंत मोजा. तिने “दार उघड” म्हटलं तर छान. नाही म्हटलं तर तुम्हीच म्हणा आणि पुढं जा. “सांग बरं, पुढं काय?” असं विचारलंत की गोष्टीची परीक्षा होते, आणि मुलं परीक्षेपासून लांब पळतात. महिनाभरात थांबण्याच्या जागा वाढवत नेल्या की निम्मी गोष्ट तीच सांगू लागेल.

नवी गोष्ट आणताना बहुतेकांची चूक क्रमात होते. जुनी सांगून झाल्यावर नवी सुरू केली तर डोळे मिटत असताना अनोळखी माणूस खोलीत आल्यासारखं होतं. आधी नवी, शेवटी जुनी, असं करा. नवी गोष्ट निवडतानाही सांगाडा ओळखीचा घ्या: पुन्हा पुन्हा येणारं वाक्य आणि एकामागून एक भेटणारी पात्रं. म्हातारीची गोष्ट चांगली. “लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा,” हे वाघाला, कोल्ह्याला, ज्याला त्याला सांगायचं आणि परतताना भोपळ्यात बसून टुणुक टुणुक. ती निदान पाच-सहा रात्री त्याच शब्दांत सांगा. दुसऱ्याच दिवशी “हिला आवडली नाही” म्हणून सोडून देऊ नका.

कधी कधी सांगणाऱ्याच्याच डोळ्यांवर झोप असते आणि तो पायऱ्या गाळतो. मुलं हे लगेच ओळखतात. दिवसा, दोघीही ताज्या असताना, “छोटी चिऊ” अशी तीन पायऱ्यांची वेगळी गोष्ट ठरवून टाका: न्हाऊ, दूध, झोप. दमलेल्या रात्री “आज छोटी चिऊ” असं आधी सांगायचं. ती गोष्ट तिची तिची पूर्ण असते, म्हणून फसवल्यासारखं वाटत नाही.

एकच ठिकाण सावध राहण्याचं. गोष्ट तीच हवी याची काळजी नाही. पण हाक मारल्यावर वळून पाहणं, बोट दाखवून मागणं, इतर खेळांत बोलणं हेही कमी वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शेवटी काऊला तव्यावर बसवतात आणि तो भाजतो. हा शेवट बदलावा का?
— एक वडील, नाशिक

ज्या मुलाला तो शेवट आधीच ठाऊक आहे त्याच्यापुढं बदलू नका, ते तुम्हालाच दुरुस्त करेल. पहिल्यांदा सांगत असाल तर शेवट तुमच्या हातात आहे. तवा ठेवा, “शेपटीला चटका बसला आणि काऊ भुर्रकन उडून गेला,” एवढं पुरतं. तवाच काढून टाकला तर गोष्ट शेवटी पडते, कारण आधीच्या सगळ्या “थांब, थांब”चा ताण कुठं तरी सुटावा लागतो. दार उघडून काऊला ऊब मिळाली आणि दोघं जेवले, हा शेवटही घराघरात सांगितला जातो आणि चालतो. मात्र एकदा जो ठरवाल तोच आई, बाबा, आजी सगळ्यांनी सांगायचा.

मी दोन वर्षांपासून नारदीय कीर्तन करतो. सुदाम्याचं आख्यान लावलं की श्रोत्यांना सगळं आधीच माहीत असतं. पूर्वरंगाला, म्हणजे पदाच्या निरूपणाला, लोक टवटवीत असतात, उत्तररंगातल्या आख्यानात चुळबुळ सुरू होते. नवे प्रसंग घालून पाहिले, उपयोग झाला नाही. काय करावं?
— एक तरुण कीर्तनकार, वाई

तुमच्या श्रोत्यांना सुदाम्याचं पुढं काय होतं हे जाणून घ्यायचंच नाही. ते पोह्यांची वाट पाहत असतात. नवे प्रसंग घालून तुम्ही पोहे आणखी लांब नेलेत, चुळबुळ त्याचीच आहे.

पहिलं घड्याळाचं बघा. नव्या कीर्तनकाराचं आख्यान पडतं त्याचं सर्वांत मोठं कारण निरूपण लांबणं हे असतं. दीड तासाचं कीर्तन धरलं तर नमन आणि मूळ पद धरून पूर्वरंग ३५ ते ४० मिनिटांत आटपा. मध्यंतरात बुक्का, हार, नामघोष याला सात-आठ मिनिटं जातातच. उत्तररंगाला निदान ३५ मिनिटं निखळ राहिली पाहिजेत आणि शेवटची पाच भैरवी-आरतीला. पूर्वरंग तासावर गेला की आख्यान धावत सांगावं लागतं, आणि माहीत असलेली गोष्ट धावत सांगितली तर तिच्यात ऐकण्यासारखं काहीच उरत नाही. घरी तालीम करताना समोर घड्याळ ठेवून प्रत्येक भागाची वेळ लिहून काढा.

आता जागा. भागवताच्या दशम स्कंधातल्या या कथेत ठळक जागा पाच निघतात. बायको शेजारून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. दारात आलेला फाटका माणूस आणि द्वारकेचं वैभव. कृष्ण धावत येऊन मिठी मारतो, पाय धुतो. सुदामा लाजून पुरचुंडी लपवतो, कृष्ण ती ओढून घेतो, एक मूठ खातो, दुसरी उचलताच रुक्मिणी हात धरते. शेवटी घरी परतल्यावर त्याला स्वतःचं घर ओळखू येत नाही. पाचही जागा एका कीर्तनात रंगवायला जाऊ नका. तीन निवडा. पोह्यांची जागा त्यांत हवीच. उरलेल्या दोन एकेका ओवीत ओलांडा.

निवडलेल्या जागेच्या आधी वेग कमी करा. बहुतेकजण नेमकं उलट करतात: शेवट सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून तिथं घाईने पोहोचतात. द्वारकेचं वर्णन कटावात, म्हणजे झपाट्याने म्हणायच्या पद्यात, उडवा, तिथं वेग शोभतो आणि तबलजीलाही हात मोकळा मिळतो. कथा पुढं नेणारा भाग साकीच्या चालीत किंवा ओवीत. करुण भाग दिंडी या वृत्तात. पुरचुंडीपाशी आलात की तबला थांबवा, पेटीवर नुसता षड्ज (सा) धरून ठेवायला सांगा, आणि सुदाम्याचा हात काखेत कसा जातो ते बोलून आणि दाखवून मांडा. पहिली मूठ आणि दुसरी मूठ यांच्यामध्ये पूर्ण श्वासाएवढी शांतता ठेवा. ती ठेवायला धीर लागतो, दोन-तीन कीर्तनं चुकतील, पण सोडू नका.

“तुम्हाला माहीतच आहे की...” हे वाक्य तोंडातून काढून टाका. श्रोता पुन्हा ऐकायला तयार होऊन बसलेला असतो, तुम्ही त्याला आठवण करून देता की याची गरज नाही. विनोदी चुटका द्वारपालाच्या प्रसंगात घ्या. पाय धुण्याच्या प्रसंगाजवळ घेतलात तर पुढचा करुण रस बसायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढी तुमच्याकडे नसतात. आजच्या काळाचा दाखला एकच द्या, तोही पूर्वरंगात.

आणि दर वर्षी तेच आख्यान त्याच गावात लावायचं असेल तर प्रसंग न वाढवता डोळे बदला. एका वर्षी पुरचुंडी बांधणाऱ्या बायकोच्या बाजूने सांगा: मागून आणलेले पोहे, फडक्याची गाठ, तो दृष्टीआड होईपर्यंत दारात उभं राहणं. पुढच्या वर्षी द्वारपालाच्या बाजूने. त्यानंतर रुक्मिणीच्या, जिला हा पाहुणा कोण हेच कळत नाही. मूठ तीच राहते आणि ती पाहणारा बदलतो. असं तीन-चार वर्षं करून पाहा, ओळखीचे श्रोते मध्यंतरातच विचारू लागतील, या खेपेला कोणाकडून?

शेवट आधी कळला तर मजा जाते, असं माझा मुलगा म्हणतो. मालिकेचा पुढचा भाग कोणी सांगितला तर चिडतो. मग आमच्या कोकणातल्या दशावतारी नाटकात तेच आख्यान दर जत्रेला लोक रात्रभर बसून कसं बघतात?
— एक वाचक, कुडाळ

दोघांचंही खरं आहे, फक्त दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींबद्दल. ज्या गोष्टीचा सगळा भार ‘कोणी केलं’ या प्रश्नावर आहे, तिचा शेवट फुटला तर थोडंच उरतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लघुकथांचा शेवट आधी सांगितला तर वाचकांना कथा सरासरी किंचित जास्तच आवडल्या. पुढे दुसऱ्या संशोधकांना नेमका उलट निकाल मिळाला. तेव्हा मुलावर त्या प्रयोगाचा हवाला देऊन मात करू नका.

आपल्याकडच्या शास्त्रकारांनी हा भेद फार पूर्वी केला होता. संस्कृत नाट्यशास्त्रात ‘नाटक’ या प्रकाराची कथा प्रख्यात, म्हणजे लोकांना आधीच माहीत असलेली असावी असं सांगितलं आहे, आणि कवीने स्वतः रचलेली कथा ‘प्रकरण’ या प्रकारात मोडते. शाकुंतल हे नाटक, मृच्छकटिक हे प्रकरण. कथा माहीत असणं ही तिथं रसाच्या आड येणारी गोष्ट मानली नाही. पुण्यात १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सौभद्राचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले, तेव्हा सुभद्रेचं लग्न अर्जुनाशीच होणार हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते नाटक आजही होतं.

दशावतारात तर याहून एक वेगळी गोष्ट आहे. संवाद लिहिलेले नसतात. त्या रात्रीचं आख्यान ठरतं, रंगपटात, म्हणजे नट रंगतात त्या खोलीत, मुख्य प्रसंग आणि कोणी काय व्हायचं हे सांगितलं जातं, आणि बोलणं रंगमंचावरच जुळवलं जातं. राजा आणि ऋषी यांची जुगलबंदी आज अर्धा तास चालेल, उद्या दहा मिनिटं. म्हणून कथा माहीत असणाऱ्यालाच खेळ खरा दिसतो. आज नट अडचणीतून कसा सुटला हे नवख्याला कळतच नाही. मुलाला एकदा जत्रेला न्या, पण आख्यान आधी घरी सांगून. शेवटासकट.

गेलं वर्षभर मला नवं काही वाचवत, बघवत नाही. जुनीच पुस्तकं, जुन्याच मालिका. मैत्रिणी म्हणतात, हे पळून जाणं आहे.
— एक वाचक, ठाणे

दमलेल्या किंवा काळजीत असलेल्या माणसाला नवी पात्रं आणि नवं जग लक्षात ठेवण्याचं ओझं नको असतं. जुन्या गोष्टीत पुढं काय दुखेल हे माहीत असतं, म्हणून तिथं विसावता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही. स्वतःला एवढंच विचारा: ते वाचून, बघून झाल्यावर थोडं बरं वाटतं का? वाटत असेल तर चालू द्या. आवडता प्रसंग आला तरी आत काहीच हलत नाही, झोप-जेवण बिघडलं आहे, रोजची कामंही उरकत नाहीत, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे, असं असेल तर प्रश्न पुस्तकांचा नाही. डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

नव्याकडे यायचं असेल तर आवडत्या लेखकाचं न वाचलेलं पुस्तक घ्या. सूर ओळखीचा, गोष्ट नवी.

आमच्या आजी ८४ वर्षांच्या आहेत. श्रावणातल्या कहाण्या त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळंच. त्या उतरवून ठेवायच्या आहेत, पण मोबाइल समोर धरला की त्या दोन मिनिटांत गुंडाळतात. आणि अमेरिकेतल्या नातवंडांना व्हिडिओ कॉलवर कहाणी सांगताना सगळा घोळ होतो.
— एक वाचक, रत्नागिरी

आजी मोबाइलला कहाणी कशी सांगतील? कहाणी ऐकणाऱ्याला सांगायची असते, “ऐका” याच शब्दाने ती सुरू होते. हातात अक्षता घेऊन बसलेलं एखादं मूल किंवा सूनबाई समोर हवी, मध्ये हुंकार देणारी. शक्यतो ज्या त्या वारी सांगू द्या: सोमवारची सोमवारी, शुक्रवारची शुक्रवारी. पूजा, दिवा, वेळ या सगळ्याने आठवण उघडते. मोबाइल हातभर अंतरावर, पाटाशेजारी घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे भांड्यांचा आणि जमिनीचा आवाज कमी येतो. विमान-मोड लावा, पंखा बंद करा. सुरुवातीला तारीख, वार आणि गाव बोलून ठेवा.

तीच कहाणी पंधरा दिवसांच्या अंतराने दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रित करा. हे फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेकजण करत नाहीत. दोन्ही लिहून शेजारी ठेवलंत की जे शब्दशः तेच राहिलं ते कहाणीचं हाड दिसतं: “आटपाट नगर होतं”, “उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस”, “साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण”. जे बदललं ते आजींचं स्वतःचं. खुलभर दुधाच्या कहाणीत राजाच्या हुकुमाने सगळं गाव दूध नेतं तरी गाभारा भरत नाही, आणि मुलाबाळांना, वासरांना पाजून मग आलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधाने तो भरतो. घरी काय काय उरकून म्हातारी निघाली, ही यादी प्रत्येक सांगणारीची वेगळी असते. आजींची यादी छापील पुस्तकात मिळणार नाही.

लिहिताना दुरुस्ती करू नका. ‘खुलभर’चं ‘वाटीभर’ आणि ‘वसा’चं ‘व्रत’ करण्याचा मोह होतो. १९३२ साली फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की अनोळखी संस्कृतीतली कथा आठवून सांगताना माणसं अनोळखी तपशील गाळतात किंवा त्यांच्या जागी आपल्या ओळखीचे घालतात. घरातही हेच होतं, म्हणून आधी जसंच्या तसं उतरवा, अर्थ समासात लिहा. दहा मिनिटांचं बोलणं नीट उतरवायला तासाहून जास्त वेळ लागतो, एका बैठकीत एकच कहाणी घ्या. आजी चुकल्या असं वाटलं तरी मध्ये टोकू नका. एकदा टोकलं की पुढं त्या तुमच्या तोंडाकडे बघत सांगतात.

व्हिडिओ कॉलचा घोळ आवाज उशिरा पोहोचण्यामुळे होतो. सगळ्यांनी एकत्र म्हणायचं ध्रुवपद तिकडून मागाहून येतं आणि आजी गोंधळून थांबतात. एकत्र म्हणणं सोडून द्या आणि पाळी लावा: आजी “उतू नकोस” म्हणून थांबतील, पुढचं नातवंडं म्हणतील, ते ऐकू आलं की मगच आजी पुढं. उशीर तेवढाच राहतो, पण तो थांबण्याच्या जागेत जिरतो. मुलांना “मातू नकोस” याचा अर्थ आधी सांगून ठेवा. आणि त्यांच्याकडेही हातात तांदळाचे चार दाणे द्या, नाहीतर मोकळे हात स्क्रीनवरची बटणं दाबत राहतात.

एकदा वाचलेली कादंबरी पुन्हा हातात घेतली की कंटाळा येईल या भीतीने ठेवून देतो. दुसरं वाचन कसं करावं?
— एक वाचक, बेळगाव

भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी असते. शिकागो विद्यापीठातल्या एड ओब्रायन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत लोकांना अनुभव पुन्हा घेताना त्यांनी अंदाज केला होता त्यापेक्षा जास्त आनंद मिळाला. करायचं एवढंच: पहिल्या प्रकरणापासून शिस्तीने सुरुवात करू नका. जो प्रसंग आठवतो तो काढा, तो वाचा, आणि मग त्याच्या मागं जा. लेखकाने त्याची पेरणी कुठं केली आहे ते शोधत तीस-चाळीस पानं मागं जाल. एखादं वाक्य, एखादी वस्तू, पहिल्या वाचनात नजरेतून सुटलेली, तिथं सापडेल. तिच्यावर पेन्सिलीने बारीक खूण करा, तारखेसह. पुढच्या वाचनाला ती खूण आणि तुम्ही, दोघंही जुने झालेले असाल.